अनुदानाचा फलक आणि अनुदानाचा हिशेब



मुलुंडहून घाटकोपरकडे किंवा बोरिवलीहून अंधेरीकडे जाताना रस्त्याच्या दुतर्फा सहज दृष्टी टाकली, तर एक गोष्ट ध्यानात येते. उद्यानातील बाक, बसथांब्याची शेड, गल्लीतील पेव्हर ब्लॉक, वाचनालयाची खोली, व्यायामशाळेचे दार, यांपैकी बहुतेकांवर एक फलक असतो. अमुक खासदारांच्या, आमदारांच्या किंवा नगरसेवकांच्या निधीतून हे काम झाले, असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते. नाव दुरूनही वाचता येते. काम किती रुपयांचे, केव्हा सुरू झाले आणि केव्हा पुरे झाले, हे मात्र जवळ जाऊनही पुष्कळदा सापडत नाही. खासदार स्थानिक क्षेत्र विकास योजना १९९३ मध्ये सुरू झाली. तिच्या मार्गदर्शक तत्त्वांत कामाच्या जागी कायमस्वरूपी फलक लावून त्यावर खर्चाची रक्कम आणि कामाच्या आरंभाची व पूर्ततेची तारीख नोंदविण्यास सांगितले आहे. म्हणजे नियमाला नावाइतकाच आकडाही अभिप्रेत आहे. व्यवहारात नाव राहिले आणि आकडा गळाला.

हे वाचून आपणांपैकी अनेकजण मान डोलावतील. परंतु आमचा रोख आज पुढारी मंडळींकडे नाही. आपल्याच क्षेत्रातील संस्था, म्हणजे धर्मादाय दवाखाने, आयुर्वेद रुग्णालये, महाविद्यालये, फार्मसी आणि आपल्यासारख्या व्यावसायिक संघटना, शासनाकडून अनुदान घेतात, सवलत घेतात, वर्गणी व देणगीही घेतात. उद्घाटनाचे छायाचित्र आपण आवर्जून छापतो. मिळालेली रक्कम आणि तिचा विनियोग छापल्याचे मात्र फारसे स्मरत नाही. या त्रैमासिकाचे जुने अंक चाळून पाहिले असता आम्हांसही हाच अनुभव आला. म्हणून प्रथम आपल्याच घरची गोष्ट सांगतो.

गेल्या वर्षी संघटनेच्या कार्यालयात एक पत्र आले. काही वर्षांपूर्वी वैद्यांसाठी घेतलेल्या दोन दिवसांच्या शिक्षणवर्गासाठी व लहानशा वनौषधी उद्यानासाठी आपल्याला जे अनुदान मिळाले होते, त्याची कागदपत्रे कोणा नागरिकाने संबंधित कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात मागितली होती. त्रयस्थ पक्ष म्हणून आपली हरकत आहे काय, अशी विचारणा त्या पत्रात होती. माहिती अधिकार अधिनियमाच्या कलम ११ प्रमाणे अशी नोटीस येते आणि म्हणणे मांडण्यास दहा दिवस मिळतात. कार्यकारिणीची तातडीची सभा घाटकोपर येथे एका सभासदाच्या चिकित्सालयात रविवारी भरली. काहींचे मत पडले की, हा निव्वळ त्रास देण्याचा प्रकार आहे, हरकत घ्यावी. काहींना अर्जदार कोण, त्याचा हेतू काय, हे आधी जाणून घ्यावयाचे होते. परंतु कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अर्जदाराला माहिती कशासाठी हवी हे सांगावे लागत नाही, हे एका ज्येष्ठ सभासदाने लक्षात आणून दिले. अखेर हरकत नसल्याचे कळवावे, मात्र तत्पूर्वी आपली फाइल आपण एकदा पाहून घ्यावी, असे ठरले.

खरी पंचाईत तेथे झाली. पाहण्यासारखी एक फाइलच नव्हती. बँकेचे पासबुक माजी कोषाध्यक्षांकडे बोरिवलीला होते, व्हाउचरे अंधेरीच्या एका दवाखान्याच्या खणात होती, मंडपवाल्याच्या बिलाची केवळ झेरॉक्स होती आणि रोपवाटिकेने दिलेल्या कच्च्या पावतीवरील शाई उडून गेली होती. सर्व कागद जुळविण्यात तीन रविवार गेले. शेवटी रुपया न् रुपया जुळला. केवळ रोपे आणणाऱ्या टेम्पोच्या भाड्याची पावती मिळाली नाही. ती रक्कम तत्कालीन कोषाध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून संघटनेच्या खात्यात भरली आणि आम्ही तसे लेखी कळविले. प्रती दिल्या गेल्या. पुढे काहीही घडले नाही.

काही घडले नाही असे लिहिले खरे, पण एक गोष्ट घडली आणि ती आमच्या मनातून जात नाही. ज्या वैद्यराजांनी वर्षानुवर्षे विनामोबदला संघटनेचा जमाखर्च सांभाळला, त्यांना वयाच्या सत्तरीनंतर, आपण प्रामाणिक होतो, हे कागद शोधून सिद्ध करावे लागले. पैसा योग्य कामी लागला होता, पण ते दाखविता येत नव्हते. ज्या खर्चाचा हिशेब दाखविता येत नाही, तो प्रामाणिक खर्च आणि अपहार यांत बाहेरच्या माणसाला भेद करता येत नाही. त्या ज्येष्ठांवर ही वेळ अर्जदाराने आणली असे म्हणणे सोपे आहे. आमच्या मते ती आपण सर्वांनी आणली. काम पुरे झाले त्याच वर्षी आपण एक पान हिशेब या त्रैमासिकात छापला असता, तर त्या पत्राला उत्तर म्हणून तो अंक पाठविणे पुरेसे झाले असते.

आता कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. माहितीच्या अधिकाराचे आणि महाराष्ट्राचे नाते जुने आहे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे पहिली जनसुनवाई घेतली आणि सरकारी कामांची बिले व हजेरीपटातील नावे गावकऱ्यांसमोर वाचून दाखविली. त्यातून उभ्या राहिलेल्या मागणीला आपल्या राज्यात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने बळ दिले. ऑगस्ट २००३ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर त्यांचे उपोषण झाले, त्याच सुमारास महाराष्ट्राच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि तो २३ सप्टेंबर २००२ पासून अमलात आल्याचे मानण्यात आले. पुढे देशाचा माहिती अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू झाला. या कायद्याचा उल्लेख निघाला की आपल्याला दहा रुपयांचा अर्ज आणि तीस दिवसांची मुदत एवढेच आठवते. परंतु त्याचे मर्म कलम ४ मध्ये आहे. कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता सार्वजनिक प्राधिकरणाने आपणहून माहिती प्रकाशित करावी, असे ते कलम सांगते. त्यात अर्थसाहाय्याच्या कार्यक्रमांची अंमलबजावणी, त्यांसाठी दिलेल्या रकमा, लाभार्थींचा तपशील आणि सवलती मिळालेल्यांची माहिती यांचा स्पष्ट समावेश आहे. म्हणजे देणाऱ्या कार्यालयाने आपल्याला काय दिले, हे लोकांसमोर मांडणे त्या कार्यालयाचे कर्तव्य आहे. मग घेणाऱ्याने ते झाकण्यात कोणते हित?

घेणाऱ्या संस्थेवर हा कायदा थेट लागू होतो काय, याविषयी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय आपल्या सभासदांनी ध्यानात ठेवावेत. ऑक्टोबर २०१३ मध्ये केरळमधील थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले की, केवळ नोंदणी व देखरेख शासनाची आहे एवढ्यावरून संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, शासनाचा निधी तिला भरीव प्रमाणात मिळत असला पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये डी.ए.व्ही. महाविद्यालय न्यासाच्या प्रकरणात हाच विचार पुढे नेण्यात आला. शासनाकडून भरीव वित्तसाहाय्य मिळणाऱ्या अशासकीय संस्थाही कायद्याच्या कक्षेत येतात, असे तेथे ठरले. एवढेच नव्हे, तर शहरातील जमीन विनामूल्य किंवा मोठ्या सवलतीत मिळाली असल्यास तेही भरीव साहाय्य ठरू शकते, असे न्यायालयाने नमूद केले. उपनगरातील संस्थांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. आपल्याकडे चौरस फुटाचा भाव काय आहे हे सांगण्याची आवश्यकता नाही. रोख अनुदान एक पैसाही न घेणारी, पण शासनाच्या वा महापालिकेच्या जागेत नाममात्र भाड्याने वर्षानुवर्षे चालणारी संस्था, आम्ही कोणाचे मिंधे नाही, असे म्हणत असेल, तर तिने या जागेचे बाजारभावाने भाडे किती झाले असते याचा हिशेब एकदा करून पाहावा.

सवलत हे अनुदानच असते, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. आपल्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमातील कलम ४१ कक नुसार शासनाचे साहाय्य वा सवलती घेणाऱ्या धर्मादाय रुग्णालयांवर गरीब रुग्णांसाठी खाटा राखण्याचे बंधन आहे. त्याची अंमलबजावणी होत नसल्याच्या तक्रारी वाढल्या, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये न्यायालयाने एक योजना मंजूर केली. निर्धन रुग्णांसाठी दहा टक्के खाटा विनामूल्य, दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी दहा टक्के खाटा सवलतीच्या दरात आणि एकूण बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत, असे तिचे स्वरूप आहे. या योजनेच्या इतिहासातून एक धडा मिळतो. खाटा राखल्या आहेत, हे सांगणारी रुग्णालये पुष्कळ होती. त्या खाटा आज कोणत्या, त्यांवर किती रुग्ण आहेत आणि निधीत शिल्लक किती, हे जेथे दाराशी वाचता येत नाही, तेथे गरजू रुग्णाला त्या असून नसल्यासारख्याच असतात. रुग्णाचा नातलग खिडकीशी उभा राहून विचारतो आणि खिडकीपलीकडचा माणूस आज खाट रिकामी नाही असे सांगतो. त्या दोघांमध्ये एक फलक असता, तर संभाषण वेगळे झाले असते. हिशेब जाहीर करण्याचा प्रश्न अखेरीस या माणसापर्यंत येऊन पोहोचतो.

यावर कोणी म्हणेल की, शासकीय लेखापरीक्षण आहे, उपयोगिता प्रमाणपत्र आहे, धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षी ताळेबंद जातो, मग आणखी काय हवे? हे प्रत्येक साधन कोठवर पोहोचते ते पाहावे. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या १९७१ च्या अधिनियमातील कलम १४ प्रमाणे एखाद्या संस्थेला वर्षात किमान पंचवीस लाख रुपये अनुदान मिळाले आणि ते तिच्या एकूण खर्चाच्या किमान पंचाहत्तर टक्के असले, तर तिचे लेखापरीक्षण होते. त्याखेरीज एक कोटीहून कमी नसलेल्या अनुदानाबाबत पूर्वमान्यतेने ते होऊ शकते. आपल्यासारख्या संघटनेचे, लहान दवाखान्याचे किंवा दोन खोल्यांच्या फार्मसीचे अनुदान या मर्यादेच्या कितीतरी खाली राहते. उपयोगिता प्रमाणपत्र केंद्रीय अनुदानाबाबत वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यावयाचे असते. ते देणाऱ्या कार्यालयाच्या फाइलीत जाते आणि तेथेच राहते. ताळेबंदात सर्व अनुदाने बहुधा एकाच ओळीत मिळून जातात. तेव्हा मोठ्या अनुदानावर मोठ्या परीक्षकाची दृष्टी असते आणि लहान अनुदान कोणाच्याच दृष्टीस पडत नाही. आपली अनुदाने बहुतांशी याच दुसऱ्या प्रकारची आहेत, म्हणून ती आपण स्वतः दाखविली पाहिजेत.

आयुर्वेद क्षेत्राला या प्रश्नाकडे लक्ष देण्याचे आणखी एक कारण आहे. मार्च १९९५ मध्ये केंद्रात भारतीय चिकित्सा पद्धती व होमिओपॅथी असा स्वतंत्र विभाग झाला, नोव्हेंबर २००३ मध्ये त्याला आयुष हे नाव मिळाले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्रीय आयुष अभियान सुरू झाले. त्यातील खर्चाचा वाटा आपल्या राज्यात केंद्र साठ व राज्य चाळीस टक्के असा उचलला जातो. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आयुष मंत्रालयासाठीची तरतूद चार हजार कोटींच्या जवळ गेली. आपल्या पिढीतील ज्येष्ठांनी उपेक्षेचा काळ पाहिला आहे. आयुर्वेदाला शासनाने बळ द्यावे म्हणून निवेदने देत वर्षे गेली. आता पैसा येऊ लागला आहे आणि त्याबरोबर प्रश्नही येणार. या पैशातून काय उभे राहिले, किती रुग्णांना लाभ झाला, वनौषधी उद्यानातील किती रोपे तीन वर्षांनी जिवंत आहेत, असे कोणी विचारले, तर तो प्रश्न आयुर्वेदाच्या विरोधकाचा आहे असे समजून चिडणे योग्य नाही. जनतेच्या पैशावर हक्क सांगणाऱ्या प्रत्येक शास्त्राला त्याचे उत्तर द्यावे लागते.

हे उत्तर देणे आपल्या औषधनिर्मात्यांना तर मुळीच अवघड नाही. २००० साली शेड्यूल टी अधिसूचित झाले, तेव्हा नोंदवह्यांचे हे ओझे लहान फार्मसीला पेलणार कसे, अशी कुरकुर आपल्यातील अनेकांनी केली होती. आज अंधेरी किंवा मुलुंडच्या लहानशा गाळ्यातही कच्चा माल किती आला, किती निवडला गेला, एका बॅचला किती वापरला, तयार औषध किती उतरले आणि घट किती आली, याची नोंद ठेवली जाते. औषध व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १६१ प्रमाणे वेष्टनावर घटकद्रव्यांची खरी यादी छापावी लागते. आपला पाठ उघडा पडेल अशी भीती त्याही वेळी व्यक्त झाली होती. पण डबीवरील यादी वाचून रुग्णाचा विश्वास बसतो, असाच आपला अनुभव आहे. मिळालेले अनुदान हा कच्चा माल समजावा, झालेले काम हे तयार औषध समजावे आणि मधली घट लपवू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. ज्या हाताला बॅचची नोंद लिहिता येते, त्या हाताला हे अवघड जाऊ नये.

शासकीय अनुदानाबरोबर खासगी वर्गणीचाही विचार व्हावा. आपली संमेलने औषध कंपन्यांच्या साहाय्यावर होतात, हे उघड आहे. या त्रैमासिकाच्या छपाईचा मोठा भारही जाहिराती उचलतात. यात गैर काही नाही. औषध करणारा आणि औषध देणारा यांनी एकत्र येऊन विद्येचा प्रसार करावा, हे चांगलेच आहे. तथापि कोणत्या फार्मसीने किती रक्कम दिली हे जेव्हा सभासदांना ठाऊक नसते, तेव्हा त्या फार्मसीच्या औषधावर वाचलेला उत्तम निबंधही शंकेने पाहिला जातो. लहान फार्मसीचे मालक खासगीत म्हणतात की, व्यासपीठ मोठ्या रकमेचे असते. ते खरे असो वा नसो, आकडे समोर नसल्याने त्याचे खंडन करता येत नाही. अमेरिकेत २०१० मध्ये झालेल्या कायद्याने औषध व उपकरण कंपन्यांना डॉक्टरांना दिलेल्या रकमांची माहिती देणे बंधनकारक केले आणि २०१४ पासून ती नावानिशी सार्वजनिक होत आहे. आपल्याकडेही कंपनी अधिनियम, २०१३ प्रमाणे सामाजिक दायित्वाचा निधी खर्च करणाऱ्या मोठ्या कंपन्यांना तो आपल्या अहवालात दाखवावा लागतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोख्यांची योजना रद्द केली, तीही देणगी कोणी दिली हे जाणण्याचा मतदाराचा अधिकार मानूनच. काळाची दिशा यावरून स्पष्ट व्हावी.

अर्थात कायदा नेहमी एकाच दिशेने चालतो असेही नाही. विदेशी देणग्या घेणाऱ्या संस्थांनी दर तिमाहीस देणगीदारांची माहिती जाहीर करावी, असा नियम होता. तो जुलै २०२२ मध्ये वगळण्यात आला, वार्षिक हिशेब तेवढा राहिला. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या कायद्याद्वारे माहिती अधिकाराच्या कलम ८ मधील वैयक्तिक माहितीविषयक तरतूदही बदलण्यात आली. तेव्हा कायदा जेवढे सांगेल तेवढेच करू, असे धोरण ठेवणाऱ्या संस्थेला दर काही वर्षांनी आपली सचोटी कमी-जास्त करावी लागेल. हे शोभणारे नाही.

काही आक्षेपांचा विचार करणे अगत्याचे आहे. पहिला आक्षेप असा की, माहितीच्या अधिकाराचा वापर करून पैसे उकळणारी माणसे आहेत, त्यांच्या हाती कोलीत का द्यावे? अशी माणसे आहेत, हे आम्ही नाकारीत नाही. पण धाक झाकलेल्या गोष्टीचाच असतो. जे पान दाराशी लावलेले आहे, ते उघड करण्याची धमकी कोणी कशी देणार? दुसरा आक्षेप रुग्णाच्या गोपनीयतेचा. तो पूर्णपणे मान्य आहे. निर्धन रुग्ण निधीतून किती रुग्णांवर किती रक्कम खर्च झाली हे सांगावे, रुग्णाचे नाव व व्याधी सांगू नये. वैद्याला हा विवेक शिकविण्याची गरज नाही. तिसरा आक्षेप गुप्तदानाचा. आपल्या संस्कृतीत गुप्तदानाला मोठे स्थान आहे आणि घाटकोपर-मुलुंडच्या अनेक दवाखान्यांत अशा दात्यांच्या पैशाने वर्षानुवर्षे औषधे दिली गेली आहेत. नाव गुप्त ठेवणे हा दात्याचा अधिकार आहे. आलेली रक्कम गुप्त ठेवण्याचा अधिकार त्यामुळे घेणाऱ्याला मिळत नाही. नाव न लिहिता आकडा लिहिता येतो. चौथा आक्षेप कामाच्या व्यापाचा. लहान संस्थेत लेखनिक नसतो, वैद्यच सर्व पाहतात. आमचा अनुभव असा की, वर्षअखेरीस एक पान लिहिण्याला एक संध्याकाळ लागते आणि ते न लिहिल्यास पुढे तीन रविवार लागतात.

न्यायाच्या दृष्टीने शासनालाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. मंजुरीचे पत्र एका वर्षी, पहिला हप्ता दुसऱ्या वर्षी आणि उरलेला हप्ता मार्चअखेरीस, असा क्रम असला म्हणजे चांगली संस्थाही घाईत खर्च करते आणि घाईतला खर्च कागदावर नीट उतरत नाही. पावसाळ्यापूर्वी लावावयाच्या रोपांचा पैसा पावसाळ्यानंतर आला, तर रोपे जगली नाहीत याचा दोष कोणाचा? आपल्या हिशेबात मंजुरीची तारीख आणि रक्कम प्रत्यक्ष हाती आल्याची तारीख शेजारी-शेजारी लिहिली, तर हे लोकांनाही दिसेल. आज अनुदान मंजूर झाल्याची बातमी छापून येते आणि ते आले नसले तरी लोक आपल्याकडेच बोट दाखवितात. हिशेब जाहीर करणे हे घेणाऱ्याचे संरक्षणही आहे, हे यावरून ध्यानी यावे.

तेव्हा येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे पुढील सूचना ठेवण्याचा आमचा मानस आहे. संघटनेला मिळालेल्या प्रत्येक शासकीय अनुदानाचा, तसेच प्रत्येक प्रायोजकाच्या वर्गणीचा एक पानी तक्ता दरवर्षी या त्रैमासिकाच्या वर्षारंभाच्या अंकात छापावा. त्यात मंजूर रक्कम, प्राप्त रक्कम, खर्च आणि शिल्लक असे चार रकाने असावेत, त्यांच्या शेजारी तारखा असाव्यात आणि शेवटी झालेल्या कामाचे दोन ओळींत वर्णन असावे. मूळ व्हाउचरे एकाच फाइलीत, एकाच ठिकाणी, म्हणजे संघटनेच्या कार्यालयात राहावीत. कोषाध्यक्ष बदलला तरी फाइलीने घर बदलू नये. ज्या सभासदांचे धर्मादाय दवाखाने व रुग्णालये आहेत, त्यांनी दर्शनी भागावर मराठीत एक फलक लावून जागा, अनुदान वा सवलत कोणाकडून व कोणत्या अटीवर मिळाली आहे आणि त्या अटीप्रमाणे आज रुग्णांना काय मिळू शकते, हे लिहावे. फार्मसींना यंत्रसामग्रीसाठी वा प्रयोगशाळेसाठी साहाय्य मिळाले असल्यास त्यांनीही त्याची नोंद आपल्या कारखान्याच्या दाराशी करावी. यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, शुल्क लागत नाही आणि नवा कायदाही लागत नाही.

यास काही सभासदांचा विरोध असू शकतो, याची आम्हांस जाणीव आहे. त्यांनी आपले म्हणणे लेखी पाठवावे, ते पुढील अंकात जसेच्या तसे छापले जाईल. आमच्या बाजूने आरंभ म्हणून ज्या अनुदानाविषयी ते पत्र आले होते, त्याचा संपूर्ण तक्ता आम्ही पुढील अंकात प्रसिद्ध करीत आहोत. न मिळालेल्या टेम्पोच्या पावतीचा उल्लेखही त्यात असेल. माजी कोषाध्यक्षांना आम्ही तसे विचारले, तेव्हा त्यांनी संमती दिली आणि तक्त्याखाली आपली स्वाक्षरी असावी, एवढीच इच्छा व्यक्त केली. ती स्वाक्षरी तेथे असेल.

अलमिति विस्तरेण.